हात हवे होते, घर नको होते

१

परदेशी कामाला गेलेला माणूस आपल्या बायकोला आणि मुलांना जवळ बोलावू पाहतो. ही गोष्ट वरवर पाहता खाजगी आहे. तिचा इतिहास लिहावा असे तिच्यात काय आहे, असे कोणी विचारील. परंतु हा माणूस त्या देशाच्या कचेरीत अर्ज घेऊन जातो तेव्हा त्याला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. ही बाई माझी बायको आहे, ही मुले माझीच आहेत आणि या सर्वांना पोसण्याची माझी ऐपत आहे. त्या देशात जन्मलेल्या माणसाला आपल्या बायकामुलांबरोबर राहण्यासाठी यातली एकही गोष्ट कुणापुढे सिद्ध करावी लागत नाही. म्हणजे एकाचे कुटुंब गृहीत धरले जाते आणि दुसऱ्याचे संशयित ठरते. एखाद्या समूहाचे लग्न, त्याची मुले आणि त्याचा शब्द संशयित ठरला की तो प्रश्न खाजगी राहत नाही. तो सत्तेचा प्रश्न होतो आणि म्हणून इतिहासाचाही होतो.

आपल्याला हा प्रश्न समजणे अवघड जाऊ नये. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात बाबासाहेबांनी जातीच्या उगमावरचा आपला निबंध वाचला. त्यातला सिद्धान्त या नियतकालिकाच्या वाचकांच्या परिचयाचा आहे. जातीचे मर्म स्वजातिविवाहात आहे. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथा म्हणजे ती भिंत शाबूत ठेवण्याची साधने होत. भिंत राखायची असेल तर लग्नावर पहारा बसवावा लागतो आणि लग्नावर पहारा बसवायचा तर तो शेवटी बाईच्या शरीरावर बसतो, हे त्या निबंधाने दाखवून दिले.

आणि दुसरी गोष्ट आपण निबंधातून शिकलो नाही, जगण्यातून शिकलो. गावाला महाराचे, मांगाचे, चांभाराचे हात हवे होते. सांगावा, सरपण, चामडे, दोर, मेलेले ढोर, सगळ्याला हात हवे होते. घर मात्र वेशीबाहेर. श्रम आत घ्यायचे आणि वस्ती बाहेर ठेवायची, ही व्यवस्था आपल्या गावांनी शतकानुशतके चालवली. गोऱ्या सत्तेने आपल्या साम्राज्यात आणि नंतर खुद्द आपल्या बेटावर जे केले त्याची जात निराळी असली तरी रीत ओळखीची आहे. या लेखात प्रामुख्याने ब्रिटनचा विचार केला आहे, कारण तेथे गेलेल्यांत आपली माणसेही होती.

२

या गोष्टीची सुरुवात ब्रिटनमध्ये झाली नाही, वसाहतींमध्ये झाली. कॅनडाने १९०८ साली असा हुकूम काढला की जन्मदेशातून सलग प्रवास करून, मध्ये न उतरता आलेल्यालाच देशात घेतले जाईल. हुकुमात हिंदुस्थानचे नाव नव्हते. पण हिंदुस्थानातून व्हँकुव्हरला सलग प्रवास घडवील अशी सोयच ठेवलेली नव्हती. लाकूडगिरण्यांत आणि रेल्वेवर राबणारे काही हजार पंजाबी पुरुष तेथे आधीच होते. नव्या माणसाला बंदी झाली तेव्हा त्यांच्या बायकामुलांनाही आपोआप बंदी झाली. १९१२ च्या जानेवारीत व्हँकुव्हरच्या खालसा दिवाणचे पुढारी भागसिंग आणि बलवंतसिंग आपापल्या कुटुंबांना घेऊन बंदरात आले. पुरुषांना उतरू दिले, बायकामुलांना परत पाठवण्याचा हुकूम निघाला. मोठा गवगवा झाला. अखेर सरकारने त्यांना राहू दिले, पण कशा शब्दांत? ही एक मेहेरबानी आहे, हिचा पुढे दाखला देता येणार नाही, असे बजावून. हक्काच्या जागी मेहेरबानी हा शब्द ठेवला की काय साधते, हे आपल्या लोकांना सांगायला नको. मेहेरबानी मागावी लागते आणि ती केव्हाही परत घेता येते.

पहिल्या महायुद्धात हिंदी शिपाई साम्राज्यासाठी मेले. त्यानंतर १९१८ च्या साम्राज्य परिषदेने ठराव केला आणि १९१९ साली कॅनडाने तेथे राहणाऱ्या हिंदी माणसाला आपली बायको आणि १८ वर्षांखालील मुले आणण्याची परवानगी दिली. दहा वर्षे आणि एक महायुद्ध, इतकी किंमत मोजल्यावर नवऱ्याला बायको मिळाली.

दक्षिण आफ्रिकेत प्रश्न आणखी उघडा झाला. १४ मार्च १९१३ रोजी केप प्रांताच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी मुंबई इलाख्यातून आलेल्या एका मुसलमान बाईला नवऱ्याजवळ उतरू देण्याचे नाकारले. कारण असे दिले की ज्या धर्मात एकाहून अधिक बायका करता येतात त्या धर्माच्या रीतीने लागलेले लग्न कायद्याच्या दृष्टीने लग्नच नव्हे. एका निकालाने हजारो हिंदू-मुसलमान बायका कायद्याच्या लेखी बायका राहिल्या नाहीत आणि त्यांची मुले औरस राहिली नाहीत. त्या वर्षीच्या सत्याग्रहात बायका तुरुंगात गेल्या. कस्तुरबांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. सोळा वर्षांच्या वल्लिअम्मा या तमिळ मुलीचे नाव कमी लोकांना ठाऊक आहे. ती तुरुंगातून तापाने फणफणत बाहेर आली आणि फेब्रुवारी १९१४ मध्ये मरण पावली. त्याच वर्षी झालेल्या कायद्याने प्रत्येक पुरुषाची एक बायको मान्य केली आणि गिरमिटमुक्त मजुरावरचा तीन पौंडांचा डोईकरही रद्द केला. हा कर नुसत्या पुरुषावर नव्हता, त्याच्या बायकोवर आणि वयात आलेल्या मुलांवरही होता. कुटुंब करून राहायचे असेल तर माणशी दंड भरा, नाहीतर पुन्हा गिरमिटात जा किंवा चालते व्हा, असा त्याचा अर्थ होता.

३

आता ब्रिटनकडे येऊ. १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने राष्ट्रकुलातल्या माणसाला ब्रिटनमध्ये येण्याची, काम करण्याची आणि राहण्याची मुभा कायम ठेवली. युद्धाने मोडलेल्या देशाला मजूर हवे होते. मिडलँड्समधल्या ओतकामाच्या भट्ट्या, लँकेशायर आणि यॉर्कशायरच्या सूतगिरण्या, लंडनच्या पश्चिमेचे कारखाने, येथली रात्रपाळी आणि भट्टीजवळची कामे गोरा कामगार सोडू लागला होता. त्या जागी पंजाब, गुजरात, मीरपूर, सिल्हेट आणि वेस्ट इंडीजमधली माणसे आली. पुरुष एकटे यायचे. एका खोलीत आठ-दहा जण राहायचे, एकाच बिछान्यावर दिवसपाळीचा रात्री आणि रात्रपाळीचा दिवसा झोपायचा, चार वर्षे कमवून गावी जायचे आणि पुन्हा यायचे.

या पुरुषांत पंजाबच्या दोआबातले, म्हणजे जालंधर आणि होशियारपूर जिल्ह्यांतले अनेक दलितही होते. याच मातीतल्या मंगूराम यांनी १९०९ मध्ये कॅलिफोर्निया गाठली होती आणि परत येऊन १९२६ साली आदिधर्म चळवळ उभी केली होती. १९०० च्या पंजाब जमीन कायद्याने ज्यांना शेतकरी जमातींत गणले नाही त्यांना त्या जमातींची जमीन विकत घेण्यास मनाई होती. चांभारकाम करणारा माणूस जमीन कसत असला तरी तिचा मालक होऊ शकत नव्हता. अशा माणसाला भट्टीसमोरची पाळी ही सुटका वाटली तर नवल नाही. वुल्व्हरहॅम्प्टन, बर्मिंगहॅम, बेडफर्ड या गावांत पुढे गुरू रविदासांची मंदिरे आणि बुद्धविहार उभे राहिले, ते याच माणसांच्या वर्गणीतून.

त्यांना अडवणारी पहिली कचेरी मात्र गोऱ्यांची नव्हती. १९५० च्या दशकात आपल्याच सरकारने ब्रिटनला जाऊ पाहणाऱ्या अशिक्षित आणि गरीब माणसांना पासपोर्ट देताना हात आखडता घेतला. अशी माणसे बाहेर गेली तर देशाची अब्रू जाईल, असा त्यामागचा विचार होता. अर्जदाराचे शिक्षण पाहिले जाई, ऐपत पाहिली जाई. शिक्षण आणि ऐपत या देशात कुणाकडे होती हे सांगण्याची गरज नाही. पासपोर्ट ही सरकारची मर्जी आहे, ही समजूत १९६७ सालापर्यंत टिकली. त्या वर्षी सतवंतसिंग सॉहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे असा निकाल दिला आणि त्यानंतर पासपोर्टचा कायदा आला. देशाची अब्रू गरिबाच्या दर्शनाने जाते, त्याच्या दारिद्र्याने जात नाही, हे तत्त्व राज्यकर्त्यांनी किती सहज पत्करले होते ते येथे दिसते.

४

१ जुलै १९६२ पासून ब्रिटनमध्ये राष्ट्रकुल स्थलांतर कायदा अमलात आला. यापुढे मजुराला काम करण्यासाठी परवाना लागणार होता. परंतु जो तेथे राहत होता त्याच्या बायकोला आणि १६ वर्षांखालील मुलांना येण्याचा हक्क कायद्याने राखून ठेवला. आणि येथे एक विपरीत घडले. आजवर ये-जा करणारा पुरुष आता एकदा गावी गेला तर परत येता येईल की नाही या धास्तीने तेथेच थांबला. थांबला म्हणून त्याने बायकामुलांना बोलावले. माणसे थोपवण्यासाठी केलेल्या कायद्यामुळे मजुरांच्या खोल्यांची घरे झाली.

सत्तेला हे नको होते. १९६५ मध्ये परवाने वर्षाला ८,५०० वर आणले, त्यातले १,००० माल्टासाठी. १९६८ मध्ये केनियातल्या आशियाई नागरिकांना अडवणारा कायदा तीन दिवसांत संमत केला आणि त्याच कायद्यात मुलांसंबंधी एक कलम घातले. बाप एकटा तेथे राहत असेल तर त्याला मुलाला एकटे बोलावता येईना. आईही तेथे असली पाहिजे किंवा सोबत आली पाहिजे. त्याच वर्षी २० एप्रिलला वुल्व्हरहॅम्प्टनचे खासदार ईनॉक पॉवेल यांनी बर्मिंगहॅमला जे कुप्रसिद्ध भाषण केले, त्यात त्यांचा मुख्य रोख कुणावर होता हे पुष्कळदा विसरले जाते. तो नव्या मजुरांवर नव्हता, कारण नवे मजूर जवळजवळ बंदच झाले होते. तो दरवर्षी येणाऱ्या बायकांवर आणि मुलांवर होता. भट्टीतला पुरुष त्यांच्या मतदारसंघाने वीस वर्षे चालवून घेतला. शाळेत बसलेले त्याचे मूल आणि दवाखान्यात प्रसूत झालेली त्याची बायको मात्र राष्ट्राच्या विनाशाचे चिन्ह ठरली.

१९६९ सालच्या कायद्याने बायकामुलांना निघण्याआधीच आपल्या देशातल्या ब्रिटिश कचेरीतून प्रवेशपत्र घेणे सक्तीचे झाले. हा बदल दिसायला कारकुनी होता आणि परिणामात सर्वांत मोठा. हक्क कागदावर राहिला. त्याच्यासमोर रांग उभी केली. दिल्ली, मुंबई, इस्लामाबाद आणि विशेषतः ढाका येथे मुलाखतीची तारीख मिळायलाच वर्षाहून अधिक काळ लागू लागला. मुलाखतीची रीत अशी. बायकोला वेगळे विचारायचे, मुलांना वेगळे, ब्रिटनमध्ये नवऱ्याला वेगळे. घराला खोल्या किती, विहीर कोणत्या अंगाला, लग्नाला कोण कोण आले होते, सासऱ्याला भाऊ किती. उत्तरांत तफावत आढळली की नाते खोटे. दहा वर्षे घरापासून दूर असलेला नवरा गोठ्यात म्हशी किती हे चुकीचे सांगतो, आणि त्या चुकीमुळे त्याचा मुलगा त्याचा राहत नाही.

कागद असते तर हा छळ कमी झाला असता. पण कागद कुणाकडे होते? खेड्यातल्या भूमिहीनाच्या घरी जन्माची नोंद नसते, लग्नाची नोंद नसते. याबाबतीत मी स्वतःचाच दाखला देतो. माझ्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. माझ्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून आहे. माझ्या दोन्ही भावांची १ जून आहे, माझ्या वर्गातल्या अर्ध्याअधिक मुलांची १ जून होती. गुरुजींनी तोंडाकडे पाहून साल ठरवले आणि शाळा सुरू होण्याच्या सुमाराची तारीख टाकली. आईला विचारले तर ती म्हणते, तू झालास तेव्हा भुईमूग काढणी चालली होती. आईचे सांगणे खरे आहे आणि दाखल्यावरची तारीख खोटी आहे. पण उद्या कुणा अधिकाऱ्यापुढे आम्ही दोघे उभे राहिलो, तर खोटी तारीख पुरावा ठरेल आणि आईचे खरे सांगणे तफावत ठरेल. दोआबातल्या आणि सिल्हेटमधल्या बायांचे नेमके हेच झाले.

५

कागद नाही आणि शब्दावर विश्वास नाही, मग उरते शरीर. मुलांचे वय ठरवण्यासाठी त्यांच्या हाडांचे एक्स-रे काढले गेले. रोगनिदानासाठी नव्हे, केवळ अधिकाऱ्याच्या संशयासाठी वाढत्या मुलांच्या अंगावर क्ष-किरण सोडण्याची ही प्रथा १९८२ मध्ये थांबली.

बाईच्या शरीराचे काय केले ते जगाला १९७९ साली कळले. २४ जानेवारी १९७९ रोजी ३५ वर्षांची एक भारतीय शिक्षिका आपल्या वाग्दत्त वराशी लग्न करण्यासाठी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरली. वाग्दत्त वधूला प्रवेशपत्राची गरज नव्हती, बायकोला होती. ही बाई आधीच विवाहित असून रांग चुकवण्यासाठी वधू म्हणून आली असावी, असा अधिकाऱ्याला संशय आला. म्हणून तिचे कौमार्य तपासण्यात आले. परत पाठवतील या भीतीने तिने संमतीच्या कागदावर सही केली होती. फेब्रुवारीच्या सुरुवातीला वर्तमानपत्राने ही बातमी फोडली. भारतात संताप उसळला, लंडनमध्ये आवाज आणि ओवाड या आशियाई व आफ्रिकी स्त्रियांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या आणि गृहमंत्र्यांना ही तपासणी बंद करावी लागली. हा एखादा अपवाद असल्याचे तेव्हा भासवले गेले. २०११ साली जुन्या सरकारी दफ्तरांतून उघड झाले की अशी तपासणी किमान ८० बायांची झाली होती आणि ती बहुतांशी भारतातल्याच ब्रिटिश कचेऱ्यांत झाली होती.

त्या अधिकाऱ्याचा तर्क नीट पाहिला पाहिजे. भारतीय बाई लग्नापूर्वी कुमारिकाच असते, तेव्हा जी कुमारिका नाही ती कुणाची तरी बायकोच असणार. हे गृहीतक त्याने कोठून आणले? ते त्याच्या इंग्रजी कायद्यात नव्हते. ते आपल्या धर्मशास्त्रांनी बाईविषयी जे लिहून ठेवले त्यातून आले. ब्राह्मणी पावित्र्याची कल्पना गोऱ्या अधिकाऱ्याच्या हाती पडली आणि तिचे त्याने तपासणीचे हत्यार केले. वर्णद्वेष आणि वर्णधर्म एकमेकांचे किती चटकन भाषांतर करतात, याचा इतका उघड पुरावा दुसरा नसेल.

पण या इतिहासात नुसते सोसणे नाही. अन्वर दित्ता ही बर्मिंगहॅममध्ये जन्मलेली बाई. आईबाप विभक्त झाल्यावर तिला लहानपणी पाकिस्तानात धाडले गेले. तेथे कोवळ्या वयात तिचे लग्न झाले, तीन मुले झाली. १९७५ मध्ये ती नवऱ्यासह इंग्लंडला परतून रॉचडेलमध्ये राहू लागली आणि मागे आजीआजोबांकडे ठेवलेल्या मुलांसाठी १९७६ साली अर्ज केला. १९७९ मध्ये अर्ज फेटाळला. ही मुले तुमची नाहीतच, असे उत्तर मिळाले. इंग्लंडमध्ये आल्यावर दोघांनी पुन्हा नोंदणी पद्धतीने लग्न केले होते. त्यावरून पाकिस्तानात लग्न झालेली अन्वर दित्ता वेगळी आणि ही वेगळी, असा तर्क सरकारने लढवला. १९८० मध्ये अपीलही फेटाळले गेले. तेव्हा ही गिरणीत शिवणकाम करणारी बाई गावोगाव सभांतून बोलू लागली. कामगार संघटना, स्त्रियांच्या संघटना, आशियाई तरुणांच्या संघटना तिच्यामागे उभ्या राहिल्या. अखेर एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाने पाकिस्तानात जाऊन मुलांच्या रक्ताची तपासणी करवली. रक्त जुळले. एप्रिल १९८१ मध्ये मुले आईकडे पोचली. सरकारला जे सहज करता आले असते ते एका आईने साडेचार वर्षे लढून करून घेतले.

पुढे विज्ञानही मदतीला आले, निदान तसे वाटले. १९८४ मध्ये लेस्टर विद्यापीठात अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी डीएनएवरून माणसाची ओळख पटवण्याची पद्धत शोधली. तिचा पहिला उपयोग गुन्हेगार पकडण्यासाठी झाला नाही. १९८५ मध्ये घानाहून परतणाऱ्या एका मुलाला त्याच्या आईचा मुलगा ठरवण्यासाठी झाला. मुलगा खरोखरच तिचा होता. नंतर सरकारने पाकिस्तान आणि बांगलादेशातल्या अर्जदारांची अशीच चाचणी करून पाहिली, तेव्हा पूर्वी खोटी ठरवून परत पाठवलेल्या मुलांपैकी बहुसंख्य खरी निघाली. पण न्याय मिळाला का? दरम्यानच्या वर्षांत ती मुले अठराच्या पुढे गेली होती. १९८९ साली सरकारने जाहीर केले की अगदी निकराची परिस्थिती असल्याखेरीज अशांना आता घेतले जाणार नाही. तुम्ही खरे होता हे मान्य, पण आता तुम्ही मूल राहिला नाहीत. विज्ञानाने सत्य सिद्ध केले तरी सत्तेची नियत बदलत नाही, एवढा धडा यातून घ्यावा.

६

आतापर्यंत नवऱ्याने बायकोला बोलावण्याचा विचार केला. बायकोने नवऱ्याला बोलावले तर? येथे पुरुषी सत्ता आणि गोरी सत्ता एक झाल्या. राष्ट्रकुलातल्या नवऱ्यांचा प्रवेश १९६९ मध्ये बंद केला, बायकांच्या चळवळीमुळे १९७४ मध्ये खुला केला, १९७७ मध्ये पुन्हा आवळला. १९८० च्या नियमांनी अट घातली की नवऱ्याला बोलावणारी बाई ब्रिटिश नागरिक असली पाहिजे आणि ती स्वतः किंवा तिच्या आईबापांपैकी एक ब्रिटनमध्ये जन्मलेले असले पाहिजे. ही अट कोणत्या रंगाची बाई पुरी करील आणि कोणत्या रंगाची करणार नाही, हे नियमात लिहिण्याची गरज नव्हती.

त्याबरोबर आणखी एक अट आली. लग्नाचा प्रमुख हेतू ब्रिटनमध्ये प्रवेश मिळवणे हा नाही, हे अर्जदाराने सिद्ध करायचे. नसलेला हेतू सिद्ध कसा करणार? आणि येथे अधिकाऱ्यांनी आपल्या रूढींचा आधार घेतला. तुमच्याकडे मुलगी सासरी जाते ना? मग हा मुलगा बायकोच्या देशात का येतो आहे? त्याअर्थी याचा हेतू लग्न नसून प्रवेश आहे. म्हणजे रूढी मोडणे हाच लबाडीचा पुरावा झाला. ज्या जोडप्याने चाकोरी सोडली, मग ती सासर-माहेराची असो वा जातीची, त्याला असा नियम सर्वांत जास्त जाचणार हे उघड आहे. जातिसंस्थेला याहून चांगला चाकर कोणता मिळाला असता?

नर्गिस अब्दुलअझीझ, आर्सेली काबालेस आणि सोहैर बाल्कंडाली या तीन बाया स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेल्या. २८ मे १९८५ रोजी न्यायालयाने निकाल दिला की पुरुषाला बायको आणता येते आणि बाईला नवरा आणता येत नाही, हा लिंगभेद आहे. वर्णभेद आहे असे मात्र न्यायालयाने मानले नाही. सरकारने निकाल पाळला. कसा? बाईला पुरुषाइतका हक्क देऊन नव्हे, तर पुरुषाचा हक्क बाईइतका तोकडा करून. त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून हेतूची परीक्षा बायकांनाही लागू झाली. १९८८ च्या कायद्याने तर १९७३ पूर्वीपासून राहणाऱ्या पुरुषांचा उरलासुरला हक्कही काढला. हेतूची परीक्षा १९९७ साली रद्द झाली.

रद्द झाली म्हणून पहारा उठला असे नाही. त्याची जागा पैशाने घेतली. २०१२ च्या जुलैपासून जोडीदार आणणाऱ्याची वर्षाची कमाई किमान १८,६०० पौंड असली पाहिजे, एक मूल असेल तर २२,४००, पुढच्या प्रत्येक मुलामागे आणखी २,४००, असा नियम झाला. २०१७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या हिताकडे पुरेसे लक्ष दिले नाही म्हणून सरकारला दोष दिला, पण कमाईची अट तत्त्वतः उचलून धरली. ११ एप्रिल २०२४ पासून ही रक्कम २९,००० पौंड करण्यात आली. आता रंग विचारला जात नाही, धर्म विचारला जात नाही. फक्त पगार विचारला जातो. पण कमी पगाराची कामे कुणाच्या वाट्याला येतात, बाईचा पगार पुरुषाहून कमी का असतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या नियमाची जात ओळखता येते.

आणि सर्वांत ताजा दाखला. वृद्ध आणि अपंगांची शुश्रूषा करण्यासाठी ब्रिटनने भारत आणि आफ्रिकेतून हजारो माणसे नेली. ११ मार्च २०२४ पासून नव्याने येणाऱ्या या सेवकांना जोडीदार आणि मुले आणण्यास बंदी घातली आणि जुलै २०२५ मध्ये बाहेरून अशी नवी भरतीही थांबवली. दुसऱ्याच्या म्हाताऱ्या आईला न्हाऊ घालायला तुमची बाई हवी. तिचे स्वतःचे मूल तिच्याजवळ नको. १९०८ चे कॅनडा आणि २०२४ चे ब्रिटन यांच्यात एकशे सोळा वर्षांचे अंतर आहे. सूत्र तेच आहे.

७

या इतिहासातून आपण काय घ्यायचे?

एक गोष्ट आधी स्पष्ट केली पाहिजे. गोऱ्यांच्या पहाऱ्यावर बोट ठेवताना आपल्याच माणसांनी बसवलेला पहारा झाकून ठेवता येणार नाही. जे सवर्ण वुल्व्हरहॅम्प्टनला आणि साउथॉलला वर्णद्वेषाविरुद्ध मोर्चे काढत होते, त्यांच्यातल्या अनेकांनी मुलामुलींची लग्ने ठरवताना जात सोडली नाही. तेथल्या आशियाई वर्तमानपत्रांतल्या विवाहविषयक जाहिराती जातवार छापल्या गेल्या. ब्रिटनचे प्रवेशपत्र हे लग्नाच्या बाजारात हुंड्याइतकेच वजनदार झाले आणि ते जातीबाहेर जाऊ नये याची काळजी घेतली गेली. समोरच्या दाराशी गोरा अधिकारी आणि परसदाराशी जात, अशा दोन पहाऱ्यांमधून दलित मुलीला जावे लागले. पहिल्या पहाऱ्याविरुद्ध लढणारा दुसऱ्याबद्दल मौन पाळत असेल, तर त्याची लढाई माणुसकीसाठी आहे की केवळ आपल्या जागेसाठी, हे आपण विचारलेच पाहिजे.

दुसरी गोष्ट व्यवहाराची आहे. ती कार्यकर्त्यांसाठी आणि विशेषतः माझ्यासारख्या शिक्षकांसाठी आहे. आमचे विद्यार्थी आज शिकायला आणि कामाला बाहेर जात आहेत. उद्या त्यांची बायकामुले अशाच कचेऱ्यांपुढे उभी राहतील. १९५६ नंतर आपली लग्ने बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर, त्रिशरण-पंचशील घेऊन लागतात. पुष्कळ ठिकाणी त्या लग्नाचा पुरावा म्हणजे एक पत्रिका आणि दोन फोटो. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व धर्मीयांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचा आदेश दिला, तरी वस्त्यांमध्ये ही नोंद आजही राहून जाते. जन्माची, लग्नाची, मृत्यूची नोंद करून घेणे हे काम रटाळ वाटते. त्यात घोषणा नाहीत, स्टेज नाही. पण ज्यांचा शब्द कचेरीत चालत नाही, त्यांच्यासाठी कागद हेच हत्यार असते. वस्तीतल्या प्रत्येक घराचे हे कागद पुरे करून देणे हे चळवळीचे काम मानले पाहिजे.

मात्र कागदाने प्रश्न सुटतो असा भ्रम नको. अन्वर दित्ताकडे जन्मदाखला होता, डीएनए चाचणीत खरी ठरलेल्या मुलांकडे विज्ञानाचा दाखला होता. दाखला मागणाऱ्याचा हेतूच दार बंद ठेवण्याचा असेल, तर तो दुसरा दाखला मागतो. म्हणून मागणी कागदाच्या पलीकडची असली पाहिजे. ज्या देशाने माणसाचे श्रम घेतले त्या देशाने त्याचे घरही स्वीकारले पाहिजे, आणि ते मेहेरबानी म्हणून नव्हे, पगाराची पट्टी लावून नव्हे, तर श्रमाबरोबर येणारा हक्क म्हणून. ही मागणी ब्रिटनपुरती नाही. मुंबईच्या नाक्यावर उभा राहणारा बांधकाम मजूर, मराठवाड्यातून कारखान्यावर जाणारी ऊसतोड जोडपी आणि त्यांच्यामागे गावी राहिलेली किंवा कोपीत वाढणारी मुले, यांच्या बाबतीतही प्रश्न तोच आहे. हात हवेत, घर नको, असे सांगणारी व्यवस्था आपण वेशीबाहेर राहून ओळखलेली आहे. ती जगात जेथे जेथे दिसेल तेथे तिला तिच्या नावाने हाक मारणे, हे आपले काम आहे.